डॉक्टरीच्या पुढची पायरी



खेड्यातले एखादे लेकरू डॉक्टर झाले, की गावाला वाटते आता गंगेत घोडे न्हाले. पारावर पेढे वाटले जातात, शाळेत सत्कार होतो, हेडमास्तर दोन शब्द बोलतात. असे दोन शब्द मीही पुष्कळदा बोललो आहे. वसमत तालुक्यातल्या एका शाळेत माझी सारी नोकरी गेली. तिथून शिकून गेलेली काही मुले डॉक्टर झाली, आणि प्रत्येक वेळी मी छाती फुगवून सांगितले, की आता याच्यापुढची वाट सरळ आहे. मी चुकीचे बोलत होतो, हे मला फार उशिरा कळले. कसे कळले, ते आज सांगणार आहे. त्यात माझ्या हातून झालेली एक चूकही सांगावी लागेल, तीही सांगतो.

आधी थोडा हिशेब मांडू. बारावी झाल्यावर नीटची परीक्षा, मग एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, मग एक वर्ष आंतरवासिता. म्हणजे इस्पितळात राहून प्रत्यक्ष काम शिकायचे. साडेपाच वर्षांनी मूल डॉक्टर होते. पण आजच्या काळी नुसत्या एम.बी.बी.एस.वर भागत नाही, असे त्याला स्वतःला वाटते, लोकांनाही वाटते. बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ व्हायचे तर आणखी तीन वर्षांचे एम.डी. किंवा एम.एस. करावे लागते. त्या तीन वर्षांत तो निवासी डॉक्टर म्हणून इस्पितळात राबतो आणि शिकतो. त्या जागेसाठी पुन्हा एक परीक्षा आहे, नीट-पी.जी. अलीकडे दरसाल दोन लाखांहून अधिक डॉक्टर तिला बसतात. जागा सत्तर हजारांच्या पुढे आहेत. तेव्हा तिघांतल्या दोघांच्या वाट्याला त्या साली काही येत नाही; आणि ज्याला येते, त्याला हवा तो विषय हव्या त्या गावी मिळेल याचा भरवसा नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी बरे होते. पण परीक्षा कधी होईल, याचाही नेम राहिलेला नाही. २०२१ साली ती १८ एप्रिलला व्हायची होती. कोरोनाची दुसरी लाट आली, ऐन तोंडावर ती पुढे ढकलली गेली आणि ११ सप्टेंबरला झाली. तेवढ्यावर भागले नाही. आर्थिकदृष्ट्या मागासांच्या राखीव जागांसाठी आठ लाखांची उत्पन्न मर्यादा योग्य की अयोग्य, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि प्रवेश थांबले. ७ जानेवारी २०२२ रोजी न्यायालयाचा आदेश झाला, तेव्हा कुठे १२ जानेवारीला गाडे हलले. एक अख्खे वर्ष! शेतकऱ्याला एक हंगाम वाया गेला तर काय होते हे आपण जाणतो. या मुलांचा तसाच हंगाम गेला, आणि इस्पितळांतल्या जुन्या निवासी डॉक्टरांवर नव्यांचेही काम पडले, ते वेगळेच.

मग २०२४ साल उजाडले. त्या साली माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी परीक्षेला बसली होती. त्याचे नाव सांगत नाही. घरची सहा एकर जमीन, त्यात दोन एकर हळद. मुलगी सरकारी कॉलेजातून एम.बी.बी.एस. झाली आणि अभ्यासासाठी घरी येऊन राहिली. गावात बायका विचारायच्या, ‘‘माय, तू डाक्टर झालीस नव्हं? मग घरी बसून काय वाचायलीस? दवाखाना कवा टाकायलीस?’’ त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण रोज तेच ऐकायचे म्हणजे काय होते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. नातेवाईक स्थळे आणू लागले. ‘मुलगी काय करते’ या प्रश्नाला तिची आई आधी ‘डॉक्टर’ म्हणायची, पुढेपुढे ‘परीक्षा द्यायलीय’ म्हणू लागली.

परीक्षा २३ जूनला, रविवारी होती. केंद्र आले होते दूरच्या शहरी. आर्द्रा नक्षत्र नुकतेच लागलेले, पेरणीची घाई. पण बापाने सोयाबीनची पेरणी भावावर टाकली, पूर्णेला गाडी बदलून लेकीला घेऊन गेला आणि लॉजमध्ये खोली घेतली. शनिवारी रात्री फोनवर बातमी आली, परीक्षा पुढे ढकलली! त्या दिवसांत दुसऱ्या काही परीक्षांविषयी तक्रारी उठल्या होत्या, म्हणून सावधगिरी घेतली, असे सरकारने सांगितले. सावधगिरी चांगलीच गोष्ट आहे, पण ती आदल्या रात्री सुचावी? दुसऱ्या दिवशी बापलेक परतली. त्याने मला एवढेच सांगितले, ‘‘गुरुजी, गाडीत पोरगी बोलली नाही. पुस्तक उघडून बसली, पण पान काही उलटलं नाही.’’

अखेर ११ ऑगस्टला परीक्षा झाली. एकाच दिवशी दोन पाळ्यांत झाली, दोन्ही पाळ्यांचे प्रश्न वेगळे. मग ज्याची पाळी अवघड गेली त्याच्यावर अन्याय नको, म्हणून गुणांचे समानीकरण केले. म्हणजे तुमच्या पाळीत तुम्ही किती जणांच्या पुढे आहात, त्यावरून क्रमांक ठरवला. हिशेब शास्त्रीय असेल, पण मुलांचे समाधान झाले नाही. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०२५ रोजी सांगितले, की परीक्षा एकाच पाळीत घ्या. तेवढी केंद्रे जमवण्यासाठी १५ जूनची परीक्षा ३ ऑगस्टवर गेली. पुन्हा उशीर झाला, मात्र या वेळचा उशीर न्यायासाठी होता, म्हणून मला तो तितकासा खुपत नाही.

२३ ऑगस्ट २०२४ ला निकाल लागला. मुलीला बरा क्रमांक मिळाला. फार वरचा नाही, अगदी खालचाही नाही. अन् खरी परीक्षा इथे सुरू झाली. हिला ‘समुपदेशन’ असे नाव आहे. नाव मोठे गोड, पण इथे कोणी कोणाला उपदेश करीत नाही. संगणकावर एक यादी भरायची असते. सरकारी जागांपैकी निम्म्या देशपातळीवरच्या यादीतून भरतात आणि उरलेल्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या यादीतून. यादीत आपण आपल्या पसंतीने लिहायचे : पहिली पसंती अमुक कॉलेज, अमुक विषय, दुसरी अमुक, तिसरी तमुक, अशा शंभर लिहा, दीडशे लिहा. मग क्रमांकाप्रमाणे एकेकाची पाळी येते. तुमची पाळी आली, की संगणक तुमची यादी वरून खाली वाचत येतो आणि जी पहिली जागा रिकामी सापडेल, ती तुमच्या नावावर टाकून थांबतो. खालचे तो वाचतच नाही.

हे शेवटचे वाक्य नीट ध्यानात ठेवा. आमची चूक तिथेच झाली.

मुलीला बालरोगात जायचे होते. आपल्या भागात तान्हे मूल अत्यवस्थ झाले की अजूनही नांदेडची वाट धरावी लागते, हे तिने पाहिलेले होते. तिच्या चुलतभावाचे मूल असेच वाटेत गेले होते. पण बालरोग मिळेल की नाही, याची शंका होती. विकृतिशास्त्र, म्हणजे रक्त, गाठी वगैरे तपासून रोग ओळखण्याचे शास्त्र, ते जवळच्या कॉलेजात बहुधा मिळेल असे मागल्या सालच्या याद्यांवरून दिसत होते. यादी भरण्याच्या आदल्या संध्याकाळी बापलेक माझ्याकडे आले. बाप म्हणाला, ‘‘गुरुजी, पक्कं मिळंल ते वर लिहावं का नाही? आधी पदरात पडू द्या, मग पाहू.’’

आता हा माणूस वेडा नव्हे. बैलबाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करणारा माणूस तो. मनातला खरा आकडा पहिल्या बोटाला सांगायचा नसतो, हे त्याच्या आजाने त्याला शिकवलेले. हळदीच्या मोंढ्यातही तो भुलत नाही. खरी इच्छा उघडी केली की समोरचा नाडतो, हा बाजाराचा नियम आहे, आणि बाजारात तो शंभर टक्के खरा आहे. मलाही तो पटला. मी मान डोलावली. वर शहाणपणाने म्हणालो, ‘‘बाई, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.’’ मुलगी एकदा म्हणाली, ‘‘सर, पण माझं मन तर बालरोगात आहे.’’ मी म्हणालो, ‘‘ते खाली लिही की.’’

तिने जवळच्या कॉलेजातले विकृतिशास्त्र पहिले लिहिले, बालरोगाच्या जागा त्याच्या खाली लिहिल्या. पहिल्या फेरीत विकृतिशास्त्र मिळाले. आम्ही पेढे खाल्ले. दोन दिवसांनी तिने सबंध यादी उघडून पाहिली. तिच्या मागच्या क्रमांकाच्या एका उमेदवाराला बालरोग मिळाले होते. ते कॉलेज तिच्या यादीत होते, फक्त खाली होते. तिची पाळी आली तेव्हा ती जागा रिकामी होती! ती वर लिहिली असती तर तिचीच झाली असती. आणि तिथे कोणी आधीच बसलेले असते, तर संगणक आपसूक खालच्या विकृतिशास्त्रावर आला असता. म्हणजे खरी इच्छा वर लिहिण्यात तोट्याची तिळमात्र शक्यता नव्हती. इथे समोर व्यापारी नाही, रुमाल नाही, नाडणारा कोणी नाही. इथे खरे बोलणाऱ्याचाच फायदा होता, आणि आम्ही दोघा जाणत्यांनी तिला खोटे बोलायला लावले.

दुसरी फेरी होती. ‘मिळालेली जागा धरून ठेवायची की अधिक पसंतीची मिळाली तर बदलायची’ असे विचारतात. वरची मिळाली तर पहिली आपोआप सुटते, न मिळाली तर पहिली राहते. या वेळी तिने बालरोगाच्याच जागा लिहिल्या, विदर्भापासून कोकणापर्यंतच्या. मिळाली नाही. तिसऱ्या फेरीतही नाही. आज ती विकृतिशास्त्र शिकते आहे, मन लावून शिकते, असे तिचा बाप सांगतो. तिने मला कधी बोल लावला नाही. बापही म्हणतो, ‘‘गुरुजी, तुमचा काय दोष? मलाच बाजार ठाऊक, दुसरं काय ठाऊक?’’ पण मी पस्तीस वर्षे मुलांना शिकवले, की प्रश्न पुरता वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका; आणि मी स्वतः नियमाचे पुस्तक न वाचता उत्तर सांगितले होते.

मग मात्र मी वाचायला बसलो. अमेरिकेतही हाच प्रश्न फार जुना आहे, असे कळले. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इस्पितळांना तरुण डॉक्टर पुरेनात. मग एकाने दुसऱ्याच्या आधी, दुसऱ्याने तिसऱ्याच्या आधी, अशी विद्यार्थ्यांना गाठण्याची शर्यत लागली. शिक्षण संपायला दोन-दोन वर्षे असतानाच बोली होऊ लागली. ती आवरली, तर तारा येऊ लागल्या : इतक्या तासांत होय की नाही कळवा! हातची जागा घ्यावी की उद्याच्या चांगल्या तारेची वाट पाहावी? थेट आमच्या ओसरीवरचाच प्रश्न. अखेर १९५२ सालापासून तिथे एक मध्यवर्ती जुळणी सुरू झाली. विद्यार्थी आपल्या पसंतीची इस्पितळे क्रमाने लिहितो, इस्पितळे विद्यार्थ्यांना क्रमाने लिहितात, आणि एकच पद्धत लावून जोड्या जुळवतात. पुढे १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणित्यांनी लग्नाच्या जोड्यांचे उदाहरण घेऊन अशा जुळणीचे गणित मांडले. शॅप्लींना आणि ही अमेरिकन जुळणी नव्याने बांधणाऱ्या ॲल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. आज तिथे मार्च महिन्यात एका सोमवारी मुलाला कळते, की आपल्याला जागा मिळाली की नाही. कुठे मिळाली, ते मात्र शुक्रवारी. चार रात्री तशाच काढायच्या! आपल्या मराठी घरांतली पुष्कळ मुलेही तिथे या शुक्रवारची वाट पाहत असतात. त्या पद्धतीतही उमेदवाराच्या भल्याचे एकच धोरण आहे : खऱ्या पसंतीचा क्रम लिही. नोबेलवाल्यांचे गणित आणि त्या मुलीचे ‘सर, पण माझं मन’ हे एकच सांगत होते.

आपली पद्धत तिथल्यासारखी नाही, हेही सांगितले पाहिजे. इथे इस्पितळाला पसंती विचारत नाहीत, परीक्षेचा क्रमांकच सर्व ठरवतो. त्यात वशिला चालत नाही, हा मोठा गुण. दोष असा, की साडेपाच वर्षांत मुलाने रोगी कसा पाहिला, रात्रीअपरात्री कसा धावला, याची कुठे नोंद होत नाही. साडेतीन तासांत दोनशे प्रश्न कसे सोडवले, त्याचीच होते. आणखी एक चमत्कार पाहा. एकीकडे लाखाहून अधिक डॉक्टर जागेवाचून परत जातात, दुसरीकडे शरीररचनाशास्त्रासारख्या विषयांच्या जागा रिकाम्या राहतात. सप्टेंबर २०२३ मध्ये तर त्या भरण्यासाठी पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणली होती. म्हणजे परीक्षेला बसला तो पात्र! मला विचाराल तर जागा रिकाम्या ठेवण्यापेक्षा हे बरे, पण शरीररचना शिकवणारा गुरुजी असा नाइलाजाने मिळावा, हे बरे नव्हे.

हे सगळे हिंगोलीच्या लोकांना का सांगायचे? मराठवाड्यात १९५६ साली औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय निघाले, पुढे अंबाजोगाईला, १९८८ मध्ये नांदेडला. आपला जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. आणि २०२४ साली हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर जागांनिशी सुरू झाले. त्या पहिल्या तुकडीची मुले २०३० च्या सुमारास आंतरवासिता संपवून बाहेर पडतील. कळमनुरीची, सेनगावची, औंढ्याची मुले त्यांत असतील, आणि हा यादीचा कागद आपल्या दारात येईल. तेव्हा ओसरीवर जो गुरुजी भेटेल, त्याने मान डोलावण्यापूर्वी चार गोष्टी जाणून घ्याव्यात.

खऱ्या पसंतीचा क्रम लिहायचा, हे आलेच. पण जिथे जायचेच नाही, ती जागा लिहू नये. पहिल्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर फारसे बिघडत नाही. पुढच्या फेऱ्यांत अनामत रक्कम जाते, आणि शेवटी शेवटी तर मिळालेली जागा सोडणाऱ्याला बाहेर बसावे लागते. नियम दरसाल थोडे बदलतात, म्हणून त्या त्या सालची माहितीपुस्तिका वाचावी, मागच्या सालच्या ऐकीव गोष्टींवर जाऊ नये. राखीव जागेचा हक्क असेल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला वेळेत हाताशी हवा. परीक्षेचा निकाल लागल्यावर तहसीलच्या पायऱ्या चढू लागलात तर उशीर झालेला असतो. हे काम मुलाच्या अभ्यासात खंड न पाडता बाप, भाऊ, मास्तर कोणीही करू शकतो. आणि या दिवसांत फोन येतात : ‘इतके लाख द्या, जागा करून देतो.’ तो फोन ठेवून द्यावा. जागा अधिकृत यादीतूनच मिळते.

खेड्यात कामाला राहिलेल्या सरकारी डॉक्टरांसाठी २०२२ साली राज्याने पदव्युत्तर जागांपैकी २० टक्के वेगळ्या ठेवल्या, हीदेखील वाट माहीत असू द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रावर गेलेले पोर मागे पडले, असे समजण्याचे कारण नाही. शिवाय २०२१ च्या तुकडीपासून एम.डी., एम.एस. करणाऱ्या प्रत्येकाने तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काढावेत, असा नियम झाला आहे. तुमच्या जिल्हा रुग्णालयात एखादा अनोळखी तरुण डॉक्टर दिसला, तर तो असाच कुठल्या तरी यादीतून आलेला असेल. त्याला पत्ता विचारा, पाणी विचारा.

आणि जे मूल एक वर्ष थांबले आहे, त्याला ‘घरी बसलंय’ म्हणू नका. तेवढी एक गोष्ट पारावर सांगाच.

गेल्या साली दुसरा एक मुलगा यादी घेऊन माझ्याकडे आला, सेनगावकडचा. त्याच्या वडिलांनाही तेच वाटत होते, पक्के ते वर लिहावे. मी त्यांना हळदीच्या मुलीची सगळी हकिगत सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘‘लिही बाबा तुझ्या मनानं.’’ मुलाने आतल्या खोलीत बसून यादी लिहिली, आम्ही दोघे बाहेर ओसरीवर बसलो. लिहून झाल्यावर त्याने ती मला दाखवायला आणली. मी कॉलेजांची नावे पाहिली नाहीत. मिळालेल्या जागी जाणार नाहीस असे यात काही आहे का, एवढे विचारले. त्याने एक ओळ खोडली. पहिल्या फेरीच्या यादीत त्याचे नाव नव्हते. त्याच्या वडिलांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना दुसऱ्या फेरीची तारीख सांगितली.